धुण्याचा चळ

चळ लागणे म्हणजे काय, असं मला कोणी दोन वर्षांआधी विचारलं असतं तर मी तोंडाला पदर लावून हसले असते. यात सांगायचं काय? आमच्या घरात तो शब्द उठता-बसता येतो. पोरगा जेवताना मोबाइल सोडत नाही, त्याला मोबाइलचा चळ. शेळी दावं तोडून शेजाऱ्यांच्या टिनाच्या छपरावर चढते, तिला टिनाचा चळ. माझी नणंद जानेफळच्या बाजारात गेली की बांगड्या भरल्याशिवाय परत फिरत नाही, तिला बांगड्यांचा चळ. कोणी कोणावर रागावलं तरी तेच, लाडाने बोललं तरी तेच. "काय चळ लागला वं तुले?" असं म्हटलं की समोरचं माणूस हसतं आणि विषय संपतो.

तसं पाहिलं तर नाद वेगळा, खूळ वेगळं. नाद माणूस हौसेने लावून घेतो. खूळ डोक्यात शिरतं आणि चार दिवसांनी आपोआप निघून जातं. चळ मात्र लागतो. थंडी लागते, ठेच लागते, तसा. ज्याला लागतो त्याचं त्यात काही चालत नाही. हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही हे सगळे शब्द एकाच डब्यात कोंबून ठेवले होते आणि हाताला येईल तो काढत होतो.

मी चौथी शिकले. चार माणसांत बोलायची मला लाज वाटते. लिहायची वाटत नाही, कारण लिहिलेलं कोणी पाहत नाही. म्हणून दार लोटून घेऊन हे लिहिते.

आमचं गाव मेहकर तालुक्यात आहे. माझे मालक वारले. मी, माझा मुलगा, सून, त्यांची लहान मुलगी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, एवढीच माणसं घरात. थोडी शेती आहे, सोयाबीन-तूर होते. मुलगा मेहकरला एका दुकानात विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरतो. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून त्याची बोटं काळी झाली आहेत.

सून चिखलीकडची, बारावी झालेली. ती आली तेव्हा घरात आवाज आला. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, तर ती सकाळी उठल्यापासून "आत्या हे पाहा, आत्या ते पाहा" करत असायची. मामाजींना ती, नवरा म्हणतो तसं, आबा म्हणायची. ऐंशीच्या पुढच्या माणसाला ती पेपर मोठ्याने वाचून दाखवायची आणि ते "हाव, हाव, पुढं वाच" म्हणत झोपी जायचे.

मुलगी झाली, बाळंतपण नीट झालं. लेकरू सहा महिन्यांचं असताना पेरणीच्या दिवसांत त्याला एकदा उलट्या झाल्या. मेहकरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दूध बाधलं, काही नाही. संध्याकाळी लेकरू हसायला लागलं. आम्ही ते विसरूनही गेलो.

त्याच्या नंतर कधीतरी सुनेचं धुणं वाढलं. आधी आम्हाला कौतुकच वाटलं. लेकराच्या वाट्या-चमचे घासून घासून लखलखीत. मग गिलास, मग ताटं, मग दाराची कडी. आमच्याकडे नळ पाच-सहा दिवसांनी येतो. अंगणातला ड्रम भरून ठेवायचा आणि पुरवून वापरायचा. तो ड्रम आता मधेच तळाला जायला लागला. मी हापशीवरून हंडे आणायची. हापशीवरच्या बायका म्हणायच्या, "काय वं, घरात लगन हाये का कोणाचं?"

नणंद एकदा जानेफळहून आली, तिने दोरीवर लटकलेले कपडे पाहिले आणि हसत सुटली. "वयनी, तुह्या सुनेले धुण्याचा चळ लागला वं! उद्या माह्या बापालेई पिळून दोरीवर वाळत घालते का नाही पाह्य."

मामाजी बाजेवरून म्हणाले, "घालू दे वं. तेवढंच ऊन भेटते."

आम्ही सगळ्या हसलो. सूनही हसली. हसताना तिने दोन्ही हात ओढणीत घेतले होते, हे मला आज आठवतं.

आता मामाजींची एक रीत सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही. ते कोणाकडेही पाणी प्यायले की गिलास खाली ठेवत नाहीत. ज्याने पाणी दिलं त्याच्या हातात देतात, हाताला हात लावून. कोणी म्हणालं, "ठेवा ना बाबा, ठेवा तिथंच," तरी ऐकत नाहीत. हात लांब करून थांबतात. समोरच्याने गिलास धरला की मग सोडतात. त्यांच्या लहानपणी त्यांना भांड्याला हात लावू देत नव्हते. वरून पाणी ओतायचे आणि हे खाली ओंजळ धरून प्यायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी लग्न होऊन आले त्या वर्षी, आणि परत कधी नाही. पण गिलास हातात द्यायची रीत त्यांनी आयुष्यभर पाळली. आमच्या गल्लीत सगळ्यांना ती माहीत आहे.

त्या दुपारी मी धान्य पाखडत होते. मामाजींनी पाणी मागितलं. सुनेने ओढणीच्या टोकाने गिलास धरून आणून दिला. तसं ती अलीकडे करायची. बायका गरम भांडं धरतात तसंच ते दिसायचं, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मामाजी प्यायले आणि गिलास पुढे केला. तिने हात पुढे आणला. मागे घेतला. मग ओढणी बोटांवर चांगली गुंडाळली, त्यांच्या बोटांना आपलं बोट लागणार नाही असा गिलास खालून धरला आणि सरळ मोरीत गेली. राखेने घासायचा आवाज येऊ लागला. थांबला. परत सुरू झाला.

मामाजींचा हात तसाच पुढे राहिला होता. मी सूप हातात धरून बसले. मला वाटलं, माझ्या पाहण्यात काही चूक झाली.

रात्री जेवताना त्यांनी पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडा घेऊन हापशीवर गेले तर मामाजी तिथे. काठी बाजूला टेकवून ठेवलेली. गावातली एक बाई हापसत होती आणि हे वाकून ओंजळीने पाणी पीत होते. पाणी कोपरांवरून ओघळून धोतरावर पडत होतं. ती बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाहा वं, बाबाले घरी पाणी नाही भेटत का?"

मी जवळ जाऊन हळू म्हणाले, "मामाजी, घरी चला. घरी पाणी हाये ना. इथं काऊन?"

त्यांनी तोंड पुसलं. "घरच्या गिलासाले हात लावाची पंचाईत झाली बाई. लहानपणी असं पेता येत होतं. पाहू म्हटलं, अजून येते का."

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. काठी घेतली आणि विहाराच्या पारावर जाऊन बसले. मी हंडा न भरताच परत आले.

मग घरात जे झालं ते होणारच होतं. मुलाला कळलं तेव्हा तो जेवणाच्या ताटावरून उठला. "तू आबाचा विटाळ धरते? आपल्या घरात?"

"मी विटाळ नाही धरत," सून म्हणाली. "खरंच नाही."

"मग काय करते ते? सांग. ओढणीनं गिलास काऊन धरला?"

तिने ओढणी हातांवर आणखी ओढून घेतली.

"बारावी शिकली तू. बुढ्या माणसानं जलमभर जे सोसलं ते तू त्याले पुन्हा दाखवते? त्याच्याच घरात?"

ती उठली आणि मोरीत गेली. आम्हाला पाण्याचा आवाज आला. मुलाने कपाळावर हात मारून घेतला. त्याला काय, तो आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. एवढं बोलूनही ही बाई परत धुवायलाच जाते!

नणंद दुसऱ्याच दिवशी आली. आता तिला हसू येत नव्हतं. "आपल्याच समाजाची पोट्टी अन् आपल्याच बुढ्याचा विटाळ! असं कुठं ऐकलं नव्हतं मी. बापाले बलाव तिच्या. घेऊन जाय म्हणा आपली लेक."

मी चुलीपाशी होते. म्हणाले, "बाई, तिले चळ असन वं. तुम्हीच म्हटलं होतं."

"चळ?" नणंदेने हात पुढे करून बांगड्या वाजवल्या. "चळ मले हाये, पाह्य. मी कोणाचा अपमान करते काय? याले चळ नाही म्हणत वयनी, याले माज म्हणतात."

शब्द तोच होता, पण आम्ही तो शेळीला, मोबाइलला, बांगड्यांना लावून लावून इतका हलका केला होता की आता तो सुनेच्या कामी येईना.

मुलाने तिच्या वडिलांना फोन केला, रविवारी या आणि पोरगी घेऊन जा. लेकराचं काय, असं तिकडून विचारलं असावं, कारण मुलगा म्हणाला, "लेकरू इथंच राहते. आम्ही पाहू." नणंद लगेच म्हणाली, "वरचं दूध पाजू. लेकरू आपलं हाये." सून दाराच्या आड उभी होती. तिने हे ऐकलं. मला वाटलं, आता ही पायावर पडेल, माफी मागेल. ती नुसती ओढणीत हात गुंडाळून उभी राहिली.

रविवारच्या आधी एका दुपारी मी शेतातून लवकर परत आले. विळा घरी राहिला होता. मामाजी पारावर होते, मुलगा मेहकरला. आमची मोरी अंगणाच्या कोपऱ्यात आहे, तिला पोत्याचा पडदा आहे. पडद्याच्या फटीतून मला सून दिसली. मी हाक मारणार होते, पण थांबले.

तिच्यापुढे लेकराची वाटी, चमचा आणि मामाजींचा गिलास होता. ती कपडे धुवायच्या पावडरीने हात चोळत होती. ओठ हलत होते. मला वाटलं गाणं म्हणते. कान दिला तर आकडे होते. हात झाले, मग वाटी, मग चमचा, मग गिलास. सगळं झालं. मग ओढणीच्या दोन टोकांनी तिने गिलास उचलला आणि उचलताना अंगठ्याचं नख काठाला लागलं. मी ते स्वच्छ पाहिलं. तिने डोळे मिटले, गिलास खाली ठेवला आणि पुन्हा पावडर घेतली. पुन्हा हातापासून.

एवढ्यात आत लेकरू रडायला लागलं. ती उठली. स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि परत बसली. लेकरू जोरात रडू लागलं. ती परत उठली, परत बसली. बादलीतलं पाणी संपलं होतं. आत लेकरू रडत होतं आणि इकडे ही रिकाम्या बादलीपाशी बसून रडत होती. चार पावलांवर स्वतःचं लेकरू आणि ही जाऊ शकत नाही! मी तीन लेकरं वाढवली, दोन गेली, एक राहिलं. पण असं मी कधी पाहिलं नाही.

मी पडदा बाजूला केला. ती दचकली. "आत्या, तिले घ्या ना. तुम्ही घ्या. माहे हात चांगले नाहीत."

मी आधी लेकराला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि मोरीपाशी आले. "दाखव हात."

ती दाखवेना. मी ओढणी ओढली. बोटांच्या पेरांवर कातडी उरली नव्हती. तळव्यांना चिरा पडल्या होत्या, काही चिरांत पावडरीचा पांढरा साका बसला होता, काही लाल होत्या. हे हात माझ्या घरात होते आणि मला दिसले नव्हते. तिने भाकरी थापणं सोडलं होतं. "मले नीट जमत नाही, तुम्हीच करा" म्हणायची. मला वाटायचं, शिकलेली आहे, कंटाळा करते.

"काय करून राह्यली तू हे? काऊन?"

मग ती बोलली. अडखळत, लेकराकडे पाहत. "पेरणीच्या वक्ती मी बियाण्याले किडीचं औषध चोळलं होतं. हाताले प्लास्टिकची पन्नी बांधली होती, तरी नखात लाल राहिलं. मी धुतलं, अन् तिले पाजलं. त्याच दिवशी तिले उलट्या झाल्या."

"दूध बाधलं म्हणे ना डॉक्टर."

"हाव. मले माहीत हाये. हातावर आता काही नाही, तेही माहीत हाये. पण हात कोरडा झाला का मन म्हणते, राहिलं असन. नखाच्या खाली राहिलं असन. मग धुतलं का बरं वाटते. मग पुन्हा तेच. आबा म्हातारे हायेत, आत्या. माह्या हाताचं त्याईच्या पोटात गेलं तर?"

"अन् ओढणी? ओढणीनं गिलास काऊन धरला?"

"माहा हात लागू नये म्हणून. त्याईले."

मी ओल्या दगडावर तशीच खाली बसले. लेकरू माझ्या खांद्यावरचा पदर ओढत होतं. इतके दिवस सगळं घर समजत होतं की ही आमच्या हाताला भिते. आणि ही आपल्याच हाताला भीत होती. मामाजी तिकडे हापशीवर ओंजळीने पाणी पीत होते आणि ही इकडे त्यांना मरण येऊ नये म्हणून हातांचं रक्त काढत होती. दोघंही एकाच घरात!

"सांगितलं काऊन नाही बाई?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काही खुळ्यासारखं विचारलं. "सांगितलं असतं का माह्या हाताले जहर हाये, तर लेकरू दिलं असतं का तुम्ही माह्याजवळ?"

न सांगितल्यावरही तेच होणार होतं.

मुलाला मी त्या रात्री सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "माय, ती तुले येडी बनवून राह्यली. आता रविवार जवळ आला तर बहाणे सुचून राह्यले." मला वाद करता येत नाही. माझे शब्द माणसासमोर गेले की मागे फिरतात.

रविवारी तिचे वडील आले. साधा माणूस, एसटीत कंडक्टर होता, आता घरीच असतो. बाजेच्या कडेला अवघडून बसले. चहा घेतला नाही. नणंद आली होती. मामाजींनाही मुलाने पारावरून बोलावून आणलं होतं. ते भिंतीला टेकून बसले होते, कोणाकडे पाहत नव्हते.

"पोरगी चुकली असन तर माफ करा," तिचे वडील म्हणाले. "आमच्या घरात असं वळण नाही. कुठून शिकली, मले समजत नाही. नेतो मी."

"न्या," मुलगा म्हणाला. "लेकरू राहते."

ते मान खाली घालून म्हणाले, "दुधाचं लेकरू हाये जवाईबापू."

"मग आमचा बुढा कोणाचं लेकरू नाही काय?" नणंद म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सून माझ्या मागे होती आणि तिची पिशवी भरलेली होती. लेकराचे कपडे तिने पिशवीत घातले नव्हते. मी ते पाहिलं. माझ्या तोंडून आवाज निघाला, पण तो मलाही नीट ऐकू आला नाही.

नणंद म्हणाली, "काय वयनी? काही म्हणते का?"

"तिचा हात पाहा," मी म्हणाले.

"काय?"

मला पुढे बोलता येईना. मी वळले, सुनेचं मनगट धरलं आणि तिला बाहेर ओढलं. ती "नाही आत्या, नाही" म्हणत होती. मी तिला मामाजींच्या पुढे बसवलं आणि ओढणी काढून घेतली. तिचे वडील अर्धवट उठले. नणंदेने तोंडावर हात ठेवला.

मामाजींना कमी दिसतं. ते पुढे वाकले. काय आहे ते कळेना म्हणून त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. आणि ती एवढ्या मोठ्याने ओरडली की अंगणातली शेळी उठून उभी राहिली.

"आबा, नका धरू! औषध हाये माह्या हाताले! तुमाले काही होईन!"

मामाजींचा हात तिथेच थांबला.

"कोणतं औषध?" त्यांनी विचारलं.

ती रडत होती. मग मीच सांगितलं. पेरणीचं, नखाचं, उलट्यांचं, मोरीत पाहिलेलं. पुढचं मागे, मागचं पुढे असं झालं. चार माणसांसमोर मी एवढं कधी बोलले नव्हते. बोलताना मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, तिच्या हातांकडेच पाहत होते.

मामाजी म्हणाले, "पोरी, मले वाटलं तुले माहा विटाळ झाला. तुले तर तुहाच झाला." थोडं थांबून म्हणाले, "हे तर लय वाईट. मले निदान दुसऱ्यानं दूर ठेवलं होतं."

मुलगा उठून अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. तिचे वडील डोळे पुसत होते. "मले वाटलं मीच शिकवाले कमी पडलो," ते परत परत म्हणत होते.

नणंद आधी सावरली. ती हळूच म्हणाली, "कोणी काही केलं असन. तिकडं एक बाबा हायेत, धागा बांधून देतात..."

"धागेदोरे आपण सोडले," मामाजी म्हणाले.

मुलगा अंगणातूनच बोलला, "मोटार जळली तर मी काय धागा बांधतो काय तिले?" तो दारात आला. "उद्या बुलढाण्याले नेतो. मोठ्या दवाखान्यात."

आम्ही तिघं जाणार होतो, मुलगा, सून आणि मी. लेकरू माझ्याजवळ होतं. मामाजींनी येतो म्हणून हट्ट धरला, म्हणजे चौघं आणि लेकरू. एसटीत सून खिडकीच्या गजाला हात न लावता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. चिखलीला तिचं माहेर जवळ आलं तेव्हा तिने बाहेर पाहिलं आणि नंतर माझ्याकडे. मी म्हणाले, "बस. उतरायचं नाही." तेव्हा कुठे ती मागे टेकली.

मनाच्या आजाराची डॉक्टरीण तरुण होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हात पाहिले, आणि जराही दचकली नाही. याचंच मला जास्त नवल वाटलं. आमच्या घरावर आभाळ कोसळलं होतं आणि ही बाई लिहिता लिहिता म्हणाली, "असे पुष्कळ येतात. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात."

मामाजींचे कान उभे राहिले. "मंत्र? आम्ही मंत्रतंत्र मानत नाही, म्याडम."

ती हसली. "मंत्र नाही हो बाबा. मंत्र म्हणतात तसं तेच तेच परत परत. करणाऱ्यालाही कळतं की याला अर्थ नाही. पण थांबता येत नाही."

म्हणजे शब्द तोच होता. आमच्या घरातलाच चळ. मी खुर्चीत बसल्या बसल्या हबकले. तो शब्द आम्ही हसत हसत रोज तोंडावर फेकत होतो, आणि इथे तो आजाराचं नाव होता. याच्यासाठी गोळ्या होत्या, माणसं पुड्या बांधून नेत होती.

पण खरा धक्का पुढे होता. गोळ्या तर तिने दिल्याच. सोबत म्हणाली, "हात एकदा धुवायचा. परत नाही. भीती वाटेल, वाटू द्यायची, ती आपोआप उतरते. रोज थोडं थोडं. आणि घरच्यांनी एक करायचं. ही विचारेल, काही होणार नाही ना? तुम्ही उत्तर द्यायचं नाही."

"नाही काऊन?" मी विचारलं. "काही होणार नाही, हे खरंच तर हाये."

"तुम्ही तसं म्हणालात की लगेच तिला घडीभर बरं वाटतं. धुतल्यावर वाटतं तसंच. मग परत विचारते. तेही धुणंच आहे, आजी."

मला ते पटलं नाही. आजही सगळं पटलेलं नाही. घाबरलेल्या माणसाला 'भिऊ नको' म्हणायचं नाही, ही कुठली दया? पण मुलगा म्हणाला, "माय, त्या म्हणतात तसं करू."

तिचे वडील दुसऱ्या आठवड्यात परत आले, पण न्यायला नाही. मलम घेऊन आले. चिरा भरायला बरेच दिवस गेले. गोळ्यांनी ती आधी खूप झोपायची. मग हळूहळू पेपर वाचून दाखवायला लागली, दोन ओळी, चार ओळी. ड्रमचं पाणी थोडं जास्त दिवस पुरू लागलं. कधी परत एका दिवसात संपायचं. तसं अजूनही होतं. बरी झाली असं मी लिहिणार नाही.

डॉक्टरणीने एक दिवस सांगितलं, आता हिने पीठ मळावं, भाकरी करावी आणि घरातल्या कोणीतरी ती हिच्यासमोर खावी. घरी आल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मामाजी म्हणाले, "मी खातो. माहं वय झालं, मले काय होणार."

"आबा, असं नका बोलू," सून म्हणाली.

तिने हात धुतले. एकदा. मी मोरीच्या दाराशी उभी होते. दुसऱ्यांदा तिचा हात मग्याकडे गेला आणि थांबला. ती परातीपाशी येऊन बसली. ज्वारीच्या पिठात तिने एक एक बोट घातलं. भाकरी वेडीवाकडी झाली, कडेला फाटली. मी तव्यावर टाकली, उलटवली, निखाऱ्यावर फुगवली. मामाजींनी ताटात घेतली, वांग्याच्या भाजीत बुडवली आणि चावायला लागले. त्यांना दात नाहीत. वेळ लागतो.

सून त्यांच्यासमोर बसली होती. पिठाचे हात तिने हवेत धरले होते. ती त्यांच्या गळ्याकडे पाहत होती, घास खाली जातो की नाही ते. लेकरू रांगत आलं आणि तिच्या गुडघ्याला धरून उभं राहायला लागलं.

"आत्या," ती म्हणाली, "आबाले काही होणार नाही ना?"

'नाही वं बाई' हे शब्द माझ्या तोंडात आले होते. मी ते गिळले आणि पुढची भाकरी थापून तव्यावर टाकली.

"आत्या, सांगा ना. काही होणार नाही ना?"

मामाजींनी चावायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोलू नका म्हणून. सून उठली. मोरीकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही कोणी बोललो नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली, वास आला, तरी मी तिच्याकडेच पाहत राहिले. तेवढ्यात लेकराचा तोल गेला आणि ते खाली बसलं. ते रडलं नाही, नुसते दोन्ही हात वर केले. सून वळली, आपल्या पिठाच्या हातांकडे पाहिलं, आणि मग खाली वाकून तिने त्याला उचललं.